‘नंतर’ कुठे लिहून ठेवलंय?

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, पहाटेचे पाच. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपवर अमेरिकन फुटबॉलची मॅच लावून बसलो होतो. लास वेगासमध्ये तेव्हा रविवारची दुपार होती आणि सुपर बोल सुरू होत होता. कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. मला या खेळाचं वेड वगैरे नाही. आमचा क्लायंट अमेरिकेतला आणि त्यांच्या टीममधला एक जण पक्का चीफ्सवाला. सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं मॅचवरच जातात. आपण नुसतं ‘ओह, नाइस’ म्हणत बसण्यापेक्षा निदान काय चाललंय ते कळावं, म्हणून बघायला लागलो होतो.

टॉस चीफ्सनी जिंकला. आणि जिंकून त्यांनी सांगितलं, बॉल आत्ता नको, नंतर घेतो.

टॉस जिंकून मिळालेली गोष्ट कुणी नंतरवर का ढकलेल, असं मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं. आता माहीत आहे की बहुतेक संघ हेच करतात. तरीही घ्यावं की थांबावं हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं कारण खेळातलं नाही, आमच्या घरातलं आहे. तिथे येतोच. आधी खेळ समजून घेऊ.

*

मॅच साठ मिनिटांची. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, दोन भागांनंतर मध्यंतर. ज्याच्याकडे बॉल, त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. शेवटच्या रेषेपलीकडे पोचला तर टचडाउन, म्हणजे सहा गुण. जवळ येऊन अडकला तर दोन खांबांमधून किक मारून तीन गुण, तो फील्ड गोल. नाहीच जमलं तर बॉल समोरच्याकडे. बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतच्या काळाला आपण ‘डाव’ म्हणू. प्रत्येक संघाला एका मॅचमध्ये असे साधारण दहा-बारा डाव मिळतात. म्हणजे एकेक डाव मोलाचा.

सुरुवात किकऑफने होते. एक संघ बॉल लांब मारतो, दुसरा तो झेलून आपला पहिला डाव सुरू करतो. मध्यंतरानंतर पुन्हा किकऑफ. टॉस जिंकणारा बॉल घेऊ शकतो, किक मारतो म्हणू शकतो, मैदानाची बाजू मागू शकतो. किंवा निवडीचा हक्कच सेकंड हाफसाठी राखून ठेवू शकतो. याला म्हणतात ‘डिफर’. कॉलेज फुटबॉलमध्ये ही सोय आधीपासून होती, एनएफएलमध्ये ती २००८ साली आली. त्याआधी टॉस जिंकणारे जवळजवळ डोळे झाकून बॉल घ्यायचे.

शाळेत कबड्डी खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही टॉस जिंकणारा बाजू निवडतो किंवा पहिली चढाई. पहिल्या हाफमध्ये ज्यांची पहिली चढाई नव्हती, त्यांची सेकंड हाफमध्ये असते. पण चढाई तीस सेकंदांची. त्यामुळे त्यावर कुणी फारसं डोकं खाजवत नाही. इथे एकच डाव सात-आठ मिनिटंही चालू शकतो.

मग घ्यावं की थांबावं?

थांबा म्हणणाऱ्यांचं पहिलं म्हणणं असं, की सेकंड हाफमध्ये बॉल हातात येतो तेव्हा आपल्याला जास्त माहिती असते. स्कोअर काय, समोरच्याचा बचाव कुठे फाटतोय, आपलं काय चालत नाहीये, हे सगळं. मध्यंतरात त्यावर विचार करून पहिला डाव आपणच खेळायचा. दुसरं म्हणणं मला जास्त आवडतं. फर्स्ट हाफच्या अगदी शेवटी आपण गुण मिळवले आणि सेकंड हाफचा पहिला डावही आपलाच असला, तर मधे समोरच्याला जवळजवळ बॉल न मिळता आपण सलग दोनदा गुण करू शकतो. बिल बेलिचिक यांचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघ यासाठी प्रसिद्ध होता.

घ्या म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. तुमचं आक्रमण चांगलं असेल तर त्याला बसवून का ठेवता? आधी आघाडी घ्या, म्हणजे समोरचा घाई करेल आणि घाईत चुकेल. शिवाय मध्यंतराला किकऑफ नव्याने होतो, स्कोअर पुसला जात नाही. फर्स्ट हाफमध्ये मिळालेले गुण पुढेही सोबत राहतात. फर्स्ट हाफमध्ये गुडघा गेलेला खेळाडू सेकंड हाफला उठून येत नाही. जो आधी घेतो, तो शाबूत अंगाने घेतो.

दोन्हींत तथ्य आहे आणि फरक बारीक आहे. त्या सुपर बोलमध्येच बघा. डिफरमुळे पहिला डाव फोर्टीनाइनर्सना मिळाला, त्यांच्या हातून बॉल निसटला. राखून ठेवलेला डाव मध्यंतरानंतर चीफ्सना मिळाला, त्यांचा पास समोरच्याने झेलला. आधी घेणाऱ्याचं काही झालं नाही, थांबणाऱ्याचंही नाही.

पण या सगळ्या वादाखाली एक गोष्ट दोन्ही बाजू गृहीत धरतात. सेकंड हाफ होणार आहे, आणि तेव्हा बॉल थांबणाऱ्याला मिळणार आहे. हे नियमपुस्तकात लिहिलेलं आहे. त्याबद्दल कुणाला विनंती करावी लागत नाही.

*

हे लिहिलेलं नसलं की काय होतं, ते ओव्हरटाइमच्या इतिहासात दिसतं.

१९७४ पासून एनएफएलच्या साध्या मॅचमध्येही बरोबरी झाली तर ‘सडन डेथ’ असायचं. जो आधी गुण करेल तो जिंकला, मॅच तिथेच संपली. म्हणजे टॉस हरलेल्याला बॉल मिळेलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी ‘तुम्ही आधी घ्या’ म्हणणं किती महाग पडतं, हे नोव्हेंबर २००२ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी पाहिलं. शिकागो बेअर्सविरुद्ध ओव्हरटाइमचा टॉस त्यांनी जिंकला, आणि प्रशिक्षक मार्टी मॉर्निनवेग यांनी बॉल सोडून वाऱ्याची बाजू मागितली. बेअर्सनी बॉल घेतला, फील्ड गोल मारला, मॅच २०-१७ अशी खिशात घातली. लायन्सच्या हातात बॉल आलाच नाही. त्या प्रशिक्षकांचं नाव निघालं की आजही लोकांना तो वारा आठवतो.

पुढे २०१० मध्ये प्लेऑफसाठी आणि २०१२ मध्ये साध्या मॅचसाठी नियम थोडा सौम्य झाला. पहिल्याच डावात नुसता फील्ड गोल झाला तर समोरच्याला एक संधी. टचडाउन झाला तर मात्र खेळ खल्लास. २०१७ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी ३-२८ अशा पिछाडीवरून बरोबरी गाठली, ओव्हरटाइमचा टॉस जिंकला आणि पहिल्याच डावात टचडाउन केला. समोर अटलांटाचा मॅट रायन होता, त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. तो बाहेर बसून बघत राहिला. जानेवारी २०२२ मध्ये बफेलो बिल्स आणि चीफ्स यांच्यात शेवटच्या दोन मिनिटांत मिळून २५ गुण झाले, ३६-३६ अशी बरोबरी झाली, टॉस चीफ्सनी जिंकला आणि ४२-३६ असा निकाल लागला. बफेलोच्या जॉश ॲलनला ओव्हरटाइममध्ये बॉल मिळालाच नाही. त्यानंतर मात्र ओरड झाली, आणि प्लेऑफमध्ये दोन्ही संघांना किमान एकेक डाव मिळालाच पाहिजे असा नियम आला. २०२५ मध्ये तो साध्या मॅचनाही लागू झाला.

आता पुन्हा त्या पहाटेकडे. सुपर बोलमध्ये हा नवा नियम वापरायची वेळ पहिल्यांदाच आली होती. बरोबरी झाली, ओव्हरटाइमचा टॉस फोर्टीनाइनर्सनी जिंकला आणि बॉल आधी घेतला. त्यांचे प्रशिक्षक काइल शॅनहन यांचा हिशेब असा, की दोघांचे डाव बरोबरीत सुटले तर तिसरा डाव आपला, आणि तिथून पुढे जो आधी गुण करेल तो जिंकेल. हिशेब मूर्खपणाचा नव्हता. त्यांना फील्ड गोलच मिळाला, तीन गुण. आता चीफ्सना नक्की माहीत होतं, की तीन केले तर बरोबरी, टचडाउन केला तर कप. एकदा ते चौथ्या प्रयत्नावर अडकले, एक यार्ड हवा होता. एरवी अशा ठिकाणी बॉल लांब मारून देण्याचा विचार होतो. इथे तो करायचंच कारण नव्हतं, बॉल दिला तर मॅच संपली. पॅट्रिक माहोम्स स्वतः बॉल घेऊन पळाला. थोड्या वेळाने टचडाउन झाला, २५-२२. फोर्टीनाइनर्सच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं, की नवा नियम त्यांना माहीतच नव्हता.

त्या दिवशी कॉलवर आमचा चीफ्सवाला म्हणाला ते मी लिहून ठेवलंय. त्याचा मतलब असा, की नंतरची संधी पक्की असेल तर शहाण्याने थांबावं, पक्की नसेल तर मिळेल ते आधी घ्यावं. मला पटलं. आजही पटतं. पण यात कुणाची तरी गोष्ट राहून जाते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

*

नियमात एक खाच आहे. ‘डिफर’ आणि ‘किक’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. मैदानावर दोन्हींत एकच गोष्ट दिसते, तुम्ही आधी किक मारता आणि समोरचा आधी खेळतो. फरक पडतो तो मध्यंतरानंतर. ‘डिफर’ म्हणालात तर सेकंड हाफची निवड तुमची. ‘किक’ म्हणालात तर तुमची निवड तिथेच वापरून झाली. सेकंड हाफची पहिली निवड समोरच्याची, आणि तो अर्थातच पुन्हा बॉल घेणार. म्हणजे दोन्ही वेळा किक तुम्हीच मारायची.

डिसेंबर २०१९ मध्ये डॅलस काउबॉईजचा डॅक प्रेस्कॉट टॉस जिंकल्यावर गडबडीत आधी ‘किक’ म्हणाला आणि मग ‘डिफर’ म्हणाला. रेफ्रींनी ‘किक’ धरलं. लॉस एंजेलिस रॅम्सना दोन्ही हाफमध्ये बॉल मिळणार, असं ठरल्यासारखं झालं. मग मध्यंतरापर्यंत रेकॉर्डिंग तपासलं गेलं, त्यात ‘डिफर’ शब्द मिळाला आणि निर्णय दुरुस्त झाला.

आमच्या घरी रेकॉर्डिंग नव्हतं.

२०१५ मध्ये माझी बारावी झाली आणि पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. त्याच उन्हाळ्यात ताईची बी.एस्सी. संपली. तिला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायची होती. कोल्हापूरच्या यादीत नाव लागलं होतं. पप्पा कराडला एका कापडदुकानात हिशेब लिहायचे. माझी फी, माझं हॉस्टेल आणि तिचं कोल्हापूरला राहणं एका पगारात बसत नव्हतं. एका रात्री जेवताना ताईच म्हणाली, “आधी याचं होऊ दे. माझं पुढच्या वर्षी बघू.” तिला कुणी भाग पाडलं नाही, म्हणजे तोंडाने तरी नाही. आई म्हणाली, “बघ बाई, तुझी इच्छा.” पप्पा काही बोलले नाहीत. मीही नाही. मला बॉल हवा होता.

पुढच्या वर्षी मी सेकंड इयरला होतो आणि फी तेवढीच होती. ताई एका खाजगी शाळेत शिकवायला लागली होती. तिच्या पगारातले काही पैसे माझ्या मेसला येत होते. त्याच्या पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये लग्न होऊन ती साताऱ्याला गेली. २०१९ मध्ये मला नोकरी लागली. मध्यंतर कधी होऊन गेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मधल्या काळात घरात ही गोष्ट एका ठरावीक वाक्यात सांगितली जाऊ लागली. “पोरीने भावासाठी शिक्षण सोडलं.” आत्या सांगायची, शेजारच्या काकू सांगायच्या, माझ्या पहिल्या पगाराचे पेढे वाटताना आईनेही सांगितलं. सगळे कौतुकाने सांगायचे. मीही मित्रांना तसंच सांगितलंय, आणि सांगताना माझे डोळेही भरून आलेत. पण ती ‘सोडते’ म्हणाली नव्हती. ‘पुढच्या वर्षी’ म्हणाली होती. आम्ही कौतुक करता करता तिचं ‘डिफर’ खोडून ‘किक’ लिहून टाकलं. एकदा त्याग म्हटलं की परत द्यायचा प्रश्नच येत नाही. त्यागाची परतफेड मागणारा माणूस उलट हलका ठरतो.

२०२४ च्या भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात पाकीट ठेवलं आणि म्हणालो, “ताई, तुझी एम.एस्सी. राहिली ना? आता कर. फी मी भरतो.” खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं स्वतःबद्दल.

ती हसली. मग म्हणाली, “फी कुणी मागितली तुझ्याकडे? प्रॅक्टिकलं दिवसभर असतात. हिला शाळेतून कोण आणणार, तू?” भाची तेव्हा पाच वर्षांची होती आणि आमच्या मधे फराळाच्या ताटावर लक्ष ठेवून बसली होती.

मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, “मी तेव्हा पुढच्या वर्षी म्हणाले होते. पुढच्या वर्षी मला कुणी विचारलं?”

*

मी कामात ‘गो’ नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतो. त्यात ‘डिफर’ नावाचाच एक शब्द आहे. एखादं काम ‘डिफर’ करून ठेवलं की फंक्शन संपताना ते होतंच. मधे गडबड झाली, अगदी प्रोग्रॅम घाबरून ‘पॅनिक’मध्ये गेला, तरी होतं. याउलट आपण सगळे कोडमध्ये ‘टूडू’ अशी टीप लिहितो, हे नंतर करायचंय म्हणून. ती टीप काहीच करत नाही. वर्षानुवर्षं तिथेच असते, आणि ती लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ‘नंतर’च वाटतात. एका ‘नंतर’ला यंत्रणा बांधील असते, दुसऱ्याला कुणीच नसतं.

त्या ‘डिफर’चीही एक गंमत आहे. काम नंतर होतं, पण त्याला दिलेल्या किमती, म्हणजे व्हॅल्यूज, ‘डिफर’ लिहिलं त्या क्षणीच गोठतात. मधे सगळं बदललं तरी काम जुन्या किमतींवर चालतं. माझ्या पाकिटाचं हेच झालं होतं. मी २०१५ ची एम.एस्सी. २०२४ मध्ये परत करायला गेलो होतो. ताईला आता ती नकोच होती. नंतर नीट बोललो तेव्हा कळलं, तिला बी.एड. करायचं होतं. शाळेत कायम व्हायचं तर ते लागतं, आणि शिकवणं तिला मनापासून आवडायला लागलं होतं. हे तिने भावजींना सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

म्हणजे परत काय करायचं असतं? फुटबॉलमध्ये सेकंड हाफला बॉल परत मिळतो. त्याचं काय करायचं, पास टाकायचा की पळायचं, हे ज्याचा डाव तो ठरवतो. किक मारणारा संघ येऊन सांगत नाही, की फर्स्ट हाफमध्ये तुम्ही अमुक खेळणार होतात, तेच खेळा. आणि बॉल मागावाही लागत नाही. ज्याने आधी घेतला होता, तो स्वतःहून जागेवर उभा राहतो आणि किक मारतो. मला वाटतं, थांबलेल्या माणसाला आपला डाव मागावा लागला, तर तिथेच काहीतरी बिघडलेलं असतं. लक्षात ठेवायचं काम थांबणाऱ्याचं नाही. ज्याला आधी मिळालं, त्याचं आहे.

तुम्ही म्हणाल, घर म्हणजे काय मॅच आहे का? घरात कुणी समोरच्या संघातलं नसतं. बरोबर आहे. पण म्हणूनच तर घरात हिशेब लिहिला जात नाही. पप्पा दिवसभर लोकांची उधारी पैशापैशाने वहीत लिहायचे. घरातली उधारी त्यांनी कधी लिहिली नाही, कारण घरात लिहायची पद्धत नाही. ज्याच्या बाजूने विसरलं गेलं, त्याला ही पद्धत प्रेमाची वाटते. मलाही वाटायची.

तेव्हा मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. मैदानावर असाल तर डिफर करा. तिथे सेकंड हाफ पक्का आहे. समोरच्याचं नवल वाटावं इतकं आक्रमण तुमच्याकडे असेल तर बॉल घ्या, फार काही बिघडणार नाही. पण घरात, नात्यात, ऑफिसात कुणी तुम्हाला “आधी तू” म्हणालं, तर बॉल घेण्याआधी दोन मिनिटं थांबून एवढं विचारा: तू सोडते आहेस की थांबते आहेस? थांबते आहेस तर कधीपर्यंत? आणि ते कुठेतरी लिहून ठेवा. फोनमध्ये रिमाइंडर लावा, हसू नका. मी २०१५ मध्ये लावला असता तर २०१६ मध्ये वाजला असता. आमच्याकडे पैसे तेव्हाही नव्हतेच. पण निदान कुणीतरी तिला विचारलं असतं.

ताईने बी.एड.ची सीईटी दिली. आता पहिलं वर्ष चालू आहे. फी तिची ती भरते, शिकवण्यांच्या पैशातून. मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं. ते दोन दिवस मी साताऱ्याला असतो आणि भाचीला शाळेतून आणतो. बाकीचे दिवस तिची आजी आणते. मंगळवारी कॉल आणि शाळा सुटण्याची वेळ एकच येते, तेव्हा मी हेडफोन लावून गेटबाहेर उभा असतो. परवा त्या चीफ्सवाल्याने विचारलं, मागे एवढा गोंधळ कसला? मी म्हणालो, मध्यंतर.

नऊ वर्षं उशीर झाला, हे मला माहीत आहे. स्कोअर पुसला जात नाही, हेही.